सह्याद्री रंगवताना निळा किती आणि कधी?

कारवीची_काठी:

नमस्कार मंडळी,

जलरंगात सह्याद्री रंगवणारे आता बरेच झालेत. ट्रेकच्या सॅकमध्ये दोराच्या जोडीला छोटी पॅलेट असते, कड्यावर बसून स्केच होतं, रात्रीपर्यंत फेसबुकवर चढतंही. फार चांगली गोष्ट आहे. पण ही चित्रं एकापाठोपाठ एक पाहत गेलं की काहीतरी खटकायला लागतं. मागची रांग फिकट निळी, तिच्या पुढची जरा गडद, मग एक जांभळट आणि पुढ्यात हिरवा उतार. खाली ‘राजगड’ लिहिलंय म्हणून राजगड म्हणायचं. ‘उटी’ लिहिलं असतं तरी कुणी हरकत घेतली नसती. महिना कुठला, सकाळ की संध्याकाळ, पाऊस पडून गेलाय की यायचाय, काही म्हणजे काही कळत नाही.

दूरचा डोंगर निळा दिसतो हा डोंगराचा गुण नाही, मधल्या हवेचा आहे. आपल्याकडची हवा वर्षभरात इतकी पालटते की एकच निळा बाराही महिने चालवणं म्हणजे चित्रातून हवाच काढून टाकणं. चित्राचा मूड ज्याला म्हणतात तो मला तरी आधी या हवेत सापडतो, रंग त्याच्या मागून येतात.

श्रावणातली उघडीप घ्या. सर नुकतीच थांबलीय, धूळ पार धुऊन निघालीय. समोरचा डोंगर अंगावर आल्यासारखा जवळ दिसतो आणि रंगाने गडद, निळाकाळा. इथे निळा हवाच, पण फिकट नव्हे. अल्ट्रामरीन म्हणजे गडद निळा, त्यात बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी घालून तो जड करावा लागतो. मग ढगाचा एक तुकडा दरीतून वर येतो आणि मधली रांग गायब! तिच्या मागची मात्र कोरून काढल्यासारखी शाबूत. म्हणजे ‘जितकं लांब तितकं फिकट’ हा क्रम तिथल्या तिथे मोडतो. पावसाळी सह्याद्रीची सगळी गंमत या मोडलेल्या क्रमात आहे, आणि आपण नेमका तोच दुरुस्त करून रंगवतो.

एप्रिल-मेमध्ये उलटं. क्षितिजाजवळ आकाशच निळं नसतं, मळकट पांढरं असतं. शेवटची रांग त्याच्यापेक्षा जेमतेम एक पट्टी गडद. राखाडी म्हणावी तर गुलाबीकडे झुकणारी. मधे वणव्याने करपलेले पट्टे. अशा चित्रात मागे कोबाल्ट निळा लावला की उन्हाळा संपला.

दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांबद्दल मुद्दाम लिहीत नाही, तिथे निळ्याची बाजू घेणारे जास्त जोरात असतील. बोला.

अंजनवेल:

रुमाल टाकून ठेवते. आमच्या हॉलमध्ये तोच निळा राजगड आहे, आणि आता तो उटीसारखा दिसायला लागलाय. धन्यवाद.

खडूवाले_सर:

धाग्याला अनुमोदन, पण थोडा दोष आमच्याकडे घ्यायला हवा. मी चित्रकला शिकवतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत उष्ण रंगसंगती आणि शीत रंगसंगती असे दोन कप्पे पाडून दिले जातात. तांबडा-नारिंगी-पिवळा उष्ण, निळा-हिरवा शीत. मुलं ते पाठ करतात आणि स्मरणचित्रात डोंगर आला की पोस्टर कलरची निळी बाटली उघडतात, कारण डोंगर मागे आणि मागचं ते थंड.

खरं तर उष्ण-शीत हे शेजाऱ्यावरून ठरतं. राखाडीचा एकच वॉश (पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा हात) नारिंगी गवताशेजारी निळसर वाटतो आणि निळ्या आकाशाखाली तपकिरी. वर्गात मी हे कागदाच्या पट्ट्या कापून दाखवतो. एकाच ताटलीतल्या राखाडीच्या दोन पट्ट्या, एक केशरी कागदावर, एक निळ्यावर. मुलं शपथेवर सांगतात की रंग वेगळे आहेत. मग मधला कागद काढून घ्यायचा.

तेव्हा कारवी, तुमच्या मे महिन्याच्या चित्रात निळा न लावताही मागची रांग थंड दिसेल. पुढचं गवत पुरेसं तापलेलं असलं की झालं.

संप्लवन:

थोडं शास्त्र. हवेच्या रेणूंवरून प्रकाश विखुरतो तेव्हा तरंगलांबी जितकी आखूड तितकं विखुरणं जास्त, चौथ्या घाताच्या प्रमाणात. म्हणून निळा प्रकाश तांबड्यापेक्षा चार-पाच पट अधिक विखुरतो. हे झालं स्वच्छ हवेचं. पाण्याचे थेंब आणि धुळीचे कण रेणूंपेक्षा कितीतरी मोठे असतात, ते सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात. निकाल पांढरा किंवा राखाडी. म्हणून धुकं पांढरं आणि मे महिन्यातलं क्षितिज मळकट. कारवीच्या निरीक्षणाला भौतिकशास्त्राचा पूर्ण पाठिंबा आहे.

पण एक गोष्ट चित्रकारांच्या नजरेतून निसटते. दूरचा डोंगर निळा होतो तो मुळात काळपट असतो म्हणून. झाडीचा किंवा दगडाचा डोंगर स्वतः फारसा प्रकाश पाठवत नाही. तुमच्यात आणि त्याच्यात जी पंधरा-वीस किलोमीटर हवा आहे तिचा निळसर उजेड त्याच्यावर चढतो. डोंगर लखलखीत असला, म्हणजे उन्हातलं बर्फ, तर प्रकार बदलतो. तिकडून येणाऱ्या भरपूर पांढऱ्या प्रकाशातला निळा वाटेत गळत जातो आणि आपल्यापर्यंत येतं ते पिवळसर, साय धरल्यासारखं. लांबचं हिमशिखर निळं नसतं, त्याची सावली निळी असते.

आपल्याकडे बर्फ नाही, पण डिसेंबरात उन्हात चमकणारं वाळकं गवत आहे. लांबच्या उतारावर ते गुलाबी-पीचकडे जातं, आणि त्याच उताराची सावलीची बाजू निळी. एकाच रांगेत दोन्ही. कुणी एकच वॉश मारून मोकळं होत असेल तर त्या रांगेचा डिसेंबर निम्मा गेला.

नाणेघाटी:

शास्त्र ठीक. डोंगर कसला बनलाय तेही बघा की राव.

सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे आडवे थर. आल्प्ससारखा वळ्या पडून उभा राहिलेला नव्हे. आपला कडा लांबून पाहिला की काळा पट्टा, मग गवताचा पट्टा, पुन्हा काळा पट्टा. माथा सपाट. महाबळेश्वर-पाचगणीकडे त्याच्यावर जांभ्याची तांबूस टोपी. मूड म्हणाल तर तो या आडव्या रेषांत आहे. मी एक चित्र पाहिलं, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा उभ्या फटकाऱ्यांनी रंगवलेला. रंग अगदी बरोबर, पण कडा स्वित्झर्लंडचा.

दुसरं, ओला बेसॉल्ट काळा नसतो. पावसात त्याच्यावर पाण्याचा पापुद्रा असतो आणि तो आकाश परत फेकतो. त्यामुळे उताराचा ओला कातळ बऱ्याचदा शेजारच्या हिरव्यापेक्षा उजळ दिसतो, शिशासारखा. काळा दिसतो तो ओव्हरहँगखालचा, जिथे आकाश पोचत नाही. आणि एप्रिलमधला कोरडा कातळ तपकिरी, जवळ गेलं तर त्याच्यावर दगडफुलाचे फिकट राखी ठिपके. ट्यूबमधला काळा या तिन्हींपैकी कुठेच नाही.

रंगीत सह्याद्री बघायचा तर सप्टेंबरात या. सोनकी फुललेली असते, पठार पिवळं. कारवीचा फुलोरा आला तर आख्खा उतार जांभळा, पण तिला सात वर्षं थांबावं लागतं. धागाकर्त्यांच्या नावाला जागून सांगतो, तो जांभळा मी आजवर कुणाच्या चित्रात खरा पाहिलेला नाही. सगळे बाटलीतला लावतात.

कारवीची_काठी:

नाणेघाटी, ओल्या कातळाचं निरीक्षण झकास. यात जलरंगवाल्यांची सोयही आहे. अल्ट्रामरीन आणि सेरुलियन हे दाणेदार रंग. ओल्या खरखरीत कागदावर त्यांचे कण खळग्यांत बसतात आणि आपोआप दगडाचा पोत येतो. थॅलो ब्लू तसा बसत नाही, तो कागदात डाग धरून राहतो. कातळासाठी दाणेदार, ढगासाठी गुळगुळीत, असं मी ठरवून टाकलंय.

रावी_पार:

इतका वेळ गप्प होते, पण डोंगर आणि रंग म्हटल्यावर रोरिक यायलाच हवेत.

निकोलाय रोरिक, जन्म १८७४, सेंट पीटर्सबर्ग. चित्रकला आणि कायदा दोन्ही एकाच वेळी शिकलेला माणूस. चित्रकलेत गुरू आर्खिप कुइंजी, जो स्वतः उजेडाचा जादूगार होता. १९१३ मध्ये पॅरिसला स्ट्राव्हिन्स्कीच्या ‘द राइट ऑफ स्प्रिंग’ या बॅलेचं नेपथ्य रोरिकांचं. पुढे मध्य आशियाची लांबलचक मोहीम करून १९२८ मध्ये ते कुलू खोऱ्यात नग्गरला स्थायिक झाले आणि १९४७ मध्ये तिथेच गेले. नग्गरचं त्यांचं घर आज संग्रहालय आहे. तिथवर जाणं होत नसेल तर बेंगळुरूच्या चित्रकला परिषदेत त्यांचं दालन आहे.

त्यांची शिखरं बघितली की पहिली प्रतिक्रिया असते, ‘छे, असा रंग असतो का कुठे?’ जर्द जांभळा डोंगर, मागे हिरवट पिवळं आकाश, मधे एक नारिंगी कडा. मग माणूस रोहतांग ओलांडून लाहौलमध्ये जातो, संध्याकाळी बाहेर येऊन उभा राहतो आणि गप्प होतो. उंचावर हवा विरळ, धूळ-बाष्प कमी, त्यामुळे लांबचा रंग फारसा विटत नाही. तो भाग पर्जन्यछायेत, झाडी जवळपास नाही, उघड्या खडकाचे मूळ रंग समोर. आणि सावलीत फक्त वरच्या गडद निळ्या आकाशाचा उजेड पोचतो, म्हणून सावली खरोखरच निळी.

पण मला त्यांच्यात आवडतं ते वेगळंच. ते टेंपेरा, म्हणजे तेलाऐवजी पाण्यात कालवायचा रंग वापरत. तेलरंगाची चकाकी नाही, चित्र मॅट. आकार सपाट, मधल्या छटा थोड्या. नेपथ्यकाराचा हात दिसतो. एका चित्रात रंगांचं एकच घराणं: सगळं निळं-जांभळं, किंवा सगळं गेरू-नारिंगी, आणि विरुद्ध घराण्यातला एखादाच पाहुणा. मूड तिथून येतो. तेव्हा कारवी, तुमचा ‘हवा आधी’ हा सिद्धांत रोरिकांना लागू पडत नाही. ते आधी घराणं ठरवतात.

कारवीची_काठी:

रावी, पोस्ट वाचनीय, पण निष्कर्षाशी मी असहमत आहे. घराणं ठरवायची मोकळीक त्यांना त्या हवेनेच दिली ना? विरळ हवेत लांबचा आणि जवळचा रंग सारख्याच ताकदीचे दिसतात, म्हणून सपाट आकार चालून जातात. हीच युक्ती घेऊन जुलैत ताम्हिणीत बसलो तर चित्र पोस्टर होतं. मी अशी चित्रं पाहिलीत. जांभळा तोरणा, केशरी आकाश, आणि खाली ‘पावसाळी सकाळ’!

रावी_पार:

पोस्टर झालं तर काय बिघडलं? जपानी चित्रकार होकुसाईचा तांबडा फुजी डोंगर तरी काय आहे? १८३० च्या सुमाराची ठशांची मालिका, नाव ‘छत्तीस दृश्यं’, पण मागणी इतकी की पुढे दहा वाढवून शेहेचाळीस केली. त्यातला निळा तर बाहेरून आलेला. बर्लिनमध्ये जन्मलेला प्रशियन ब्लू जपानी बाजारात स्वस्त झाला आणि मालिकाच त्या निळ्यावर उभी राहिली. हवा वगैरे काही नाही. दुकानात कुठला रंग परवडतो त्यावर मूड ठरला.

कारवीची_काठी:

हा मुद्दा मात्र मानला. माझा सगळा श्रावण बर्न्ट सिएनावर चालतो, तोही ती ट्यूब परवडते म्हणूनच.

टपरीवरचा_चहा:

मला एवढंच कळलं की राजगडाला उटी म्हणायचं नाही. चालू द्या.

बर्फातला_बंड्या:

स्वित्झर्लंडचं नाव निघाल्यामुळे हजेरी लावतो. झ्युरिखजवळ राहतो, रंगवत नाही, बघतो फक्त.

सेंट मॉरिट्झला सेगांतिनी म्युझियम आहे, १९०८ पासूनचं. जोव्हान्नी सेगांतिनी हा चित्रकार मूळचा आर्कोचा, जे आज इटलीत आहे. एंगाडीनच्या डोंगरात राहून रंगवायचा, आणि पॅलेटवर रंग कालवण्याऐवजी लांब, बारीक फटकारे एकमेकांना लागून मारायचा. चित्राजवळ नाक नेलं तर गवत म्हणजे हिरव्या, नारिंगी, निळ्या धाग्यांची वीण दिसते. चार पावलं मागे आलात की तेच कडक उन्हातलं कुरण. डोंगरातला लखलखाट कालवलेल्या रंगात मरतो, शेजारी ठेवलेल्या रंगात जगतो, एवढं मला त्याच्याकडे बघून कळलं.

जीवन, निसर्ग आणि मृत्यू अशी तीन चित्रांची मोठी मालिका तो करत होता. १८९९ च्या सप्टेंबरात पोंत्रेझिनाच्या वर शाफबर्गवर काम चालू असतानाच आजारी पडून गेला, वय ४१. या धाग्याच्या दृष्टीने त्यातलं ‘मृत्यू’ हे चित्र बघण्यासारखं आहे. बर्फ, सावलीतला थंड उतार, खाली छोटी माणसं, आणि वर उजेड झेलणारा एक भलामोठा ढग. काळा रंग शोधावा लागतो. दुःखी चित्र म्हणजे गडद चित्र, हे समीकरण तिथे कोसळतं.

आणि नाणेघाटींच्या आडव्या पट्ट्यांसाठी होडलर. स्विस चित्रकार फर्डिनांड होडलर आजारपणामुळे घरात अडकला तेव्हा १९१८ मध्ये जिनिव्हाच्या खिडकीतून सरोवरापलीकडचा माँ ब्लाँ पुन्हा पुन्हा रंगवत होता. पाण्याचा पट्टा, किनाऱ्याचा पट्टा, डोंगराचा पट्टा, आकाशाचा पट्टा. तपशील जवळपास संपलेला. त्याच वर्षी मे महिन्यात तो गेला. आल्प्ससारखा टोकदार पर्वत त्याने पार आडवा करून टाकला. आपला सह्याद्री तर जन्मतःच आडवा. होडलर समोर ठेवून कुणी भंडारदऱ्याच्या पाण्यापलीकडचं कळसूबाई का करत नाही, हे मला कोडं आहे.

नाणेघाटी:

बंड्या, भंडारदऱ्याची आयडिया भारी. नोव्हेंबरात पाणी काठोकाठ असतं. उचलली.

शाई_बोरू:

सगळे रंगावर तुटून पडलेत म्हणून वेगळा सूर लावतो. मूडला रंग लागतच नाही.

कुओ शी, सोंग काळातला चीनचा दरबारी चित्रकार. त्याचं ‘अर्ली स्प्रिंग’ हे चित्र १०७२ सालचं आहे, तैपेईच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. रेशमावर शाई आणि अगदी हलका रंग. दुरून पाहिलं तर एकरंगीच. तरी त्यात वितळणारा हिवाळा दिसतो, दरीतून वर येणारं बाष्प दिसतं. त्याच्या नावावर असलेल्या लेखनात डोंगराच्या ऋतूंबद्दल म्हटलंय की वसंतातला डोंगर हसल्यासारखा असतो आणि हिवाळ्यातला झोपल्यासारखा. रंगाचं नाव नाही, चेहऱ्याचं वर्णन आहे.

मग हे साधतं कशाने? गडद-फिक्याच्या पट्ट्यांनी आणि कडांनी. कुठली कड धारदार आणि कुठली विरघळलेली, एवढ्यावर ऋतू ठरतो. कारवींचं ‘मधली रांग गायब, मागची शाबूत’ हे निरीक्षण रंगाचं नाहीच मुळी. ते कडांचं आहे. शाईने करून बघा, तसंच्या तसं येईल.

संप्लवन:

जवळजवळ सहमत. पण मे महिन्याचं चित्र शाईने केलं तर ते धुक्याचं चित्र होईल. मळकट गुलाबी आणि मळकट पांढरा यांच्यातला फरक शाईला सांगता येत नाही. एक उन्हाळा, एक पाऊस.

शाई_बोरू:

हे मान्य करावं लागेल. उन्हाळा तुमचा.

ओलीपाटी:

नवखी आहे, प्रश्न विचारू का? पावसाळ्यातला हिरवा माझ्याकडून नेहमी प्लास्टिकसारखा येतो. सॅप ग्रीन वापरते. ट्यूब चांगल्या कंपनीची आहे, कागदही ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड आहे. काय चुकतंय?

खडूवाले_सर:

ओलीपाटीताई, ट्यूबचा हिरवा थेट कागदावर नेऊ नका, एवढं पाळा. पिवळा ऑकर आणि अल्ट्रामरीन मिसळून हिरवा करा. मंद येईल, तोच हवा. फारच मंद वाटला तर ऑकर काढून लेमन यलो घ्या. भातखाचरांचा पोपटी असाच होतो. सॅप ग्रीन वापरायचाच असेल तर त्यात बर्न्ट सिएनाचा ठिपका टाका.

पण मला वाटतं तुमची खरी अडचण हिरवा किती जागा खातो ही आहे. ढगाळ दिवशी ऊन नसल्यामुळे पानांवरची चकाकी जाते आणि जवळचा हिरवा आणखी गर्द वाटतो, हे खरं. पण तो जवळचाच. पन्नास पावलांवर ढग लागला की हिरवा संपतो, पुढे राखाडी. चित्राच्या खालच्या चतुर्थांशात हिरवा ठेवा आणि वर फक्त राखाडीत काम करून बघा. वरच्या राखाडीला खालच्याच हिरव्याचं उरलेलं पाणी वापरलंत तर दोन्ही एकाच दिवसाचे वाटतील.

कारवीची_काठी:

सरांचं उरलेल्या पाण्याचं तंत्र लाखमोलाचं आहे. मी पॅलेटच्या कोपऱ्यात दिवसभर साचणारा चिखल फेकत नाही, ढगांना तोच लावतो.

अजून एक, ओलीपाटी. पावसाळ्यात बाहेर कागद वाळतच नाही. पहिला वॉश ओलसर असतानाच दुसरा लावला की पाणी मागे सरकतं आणि फुलकोबीसारखे डाग पडतात. घरी ते चूक वाटतात. कड्यावर मात्र तेच डाग ढग म्हणून खपतात. घाई असेल तर एकाच ओलाव्यात चित्र संपवायचं, थरांच्या नादी लागायचं नाही.

रावी_पार:

तुमच्याकडे वाळत नाही, स्पितीत थांबत नाही! वॉश अर्ध्यावर जाईपर्यंत वरची कड वाळलेली. तिथे लोक पाण्यात ग्लिसरीनचे दोन थेंब टाकतात. आणि थंडीत पाणी गोठू नये म्हणून थोडी व्होडका.

टपरीवरचा_चहा:

पाण्यात की चित्रकारात?

रावी_पार:

तापमानावर अवलंबून.

फ्रेमवाला:

धंद्याची बाजू मांडतो. फ्रेमिंगचं दुकान आहे, चित्रं विक्रीलाही ठेवतो. गिऱ्हाईक निळी रांगच मागतं. तुमच्या मे महिन्याचं मळकट गुलाबी चित्र सहा महिने भिंतीवर राहतं. सोफ्याला निळा जातो, मळकट जात नाही. चित्रकारांना दोष देण्याआधी हेही बघा.

आणि निळ्याला इतकं झोडपू नका. फ्रेंच चित्रकार सेझान घ्या. एक्स गावाजवळचा सेंत व्हिक्टुआर डोंगर आयुष्यभर रंगवला त्यांनी. १९०४ मध्ये चित्रकार एमिल बर्नारला लिहिलेल्या पत्रात त्यांचं म्हणणं आहे की तांबड्या-पिवळ्यांनी दाखवलेल्या प्रकाशात हवा जाणवण्यासाठी पुरेसा निळा घालावा लागतो. म्हणजे निळा म्हणजेच हवा. तुमचंच वाक्य, उलट बाजूने.

कारवीची_काठी:

फ्रेमवाले, पत्राचा दाखला एकदम बरोबर जागी लागलाय. फक्त त्यातल्या ‘पुरेसा’वर माझं बोट आहे. सेझानचा निळा मागच्या रांगेपुरता नसतो, पुढच्या झाडाच्या कडेलाही असतो, घराच्या सावलीतही असतो. चित्रभर पेरलेला. आपण तो मागे कोंडून ठेवतो आणि पुढे शुद्ध हिरवा. म्हणून मागे हवा आणि पुढे पोकळी.

सोफ्याबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

अंजनवेल:

सगळं वाचून मोबाइलवरचा जुना फोटो समोर ठेवून काल करून पाहिलं. भोरकडून काढलेला, मे महिन्यातला. पण फोटोत मागची रांग चक्क निळी आहे! मग कारवी खरे की फोन खरा?

संप्लवन:

फोन लबाड. आजकालचे फोन फोटो काढतानाच धुरकटपणा कापतात, फिक्या भागातला काँट्रास्ट ताणतात आणि आकाश निळं करून देतात. शिवाय रंगांचा समतोल स्वतःच ठरवतात, म्हणून संध्याकाळचा पिवळेपणा कमी होतो. तुम्हाला जी हवा रंगवायची आहे तीच फोन दोष समजून पुसतो. आकारासाठी फोटो घ्या, रंगासाठी जागेवर कागदाच्या तुकड्यावर ठिपके मारून आणा.

शाई_बोरू:

किंवा शब्दांत लिहा. एडवर्ड लिअर, तोच तो गमतीदार कवितांचा, पोटासाठी निसर्गचित्रकार होता. १८७३ ते ७५ भारतात फिरला, दार्जिलिंगहून कांचनगंगा काढली. त्याच्या स्केचेसवर जागोजागी रंगांची नावं पेन्सिलने लिहिलेली असतात. पुढे घरी बसून त्यावरून मोठी चित्रं. ‘इथे राखाडी, पण उबदार’ एवढं लिहिलं तरी फोटोपेक्षा खरं निघतं.

नाणेघाटी:

पुरे झाली चर्चा, प्रत्यक्षच बघू. सिंहगडाच्या कल्याण दरवाज्याकडून राजगड-तोरणा दोन्ही दिसतात, तिकडे बघताना तोंड साधारण नैऋत्येला. सकाळी ऊन आपल्या पाठीमागून, रांगा उजळलेल्या, रंग दिसतात. संध्याकाळी सूर्य समोर, मधली धूळ पेटते आणि रांगा नुसत्या कापलेल्या पुठ्ठ्यासारख्या. एकच जागा, एकच दिवस, दोन चित्रं. रविवारी कोण कोण येतंय?

कारवीची_काठी:

मी येतो. अट एकच, सकाळच्या चित्रासाठी सगळ्यांनी एक निळा आणायचा. फक्त एक. कुठला ते ज्याने त्याने ठरवावं.

खडूवाले_सर:

मी येतो, सोबत दहावीतली दोन मुलं आहेत, त्यांच्याकडे केकचा, म्हणजे रंगाच्या वड्यांचा डबा आहे. चालेल ना?

कारवीची_काठी:

पळेल, सर. पाण्याच्या बाटल्या जास्तीच्या आणा, वर विकतचं पाणी रंगात घालवायला जीवावर येतं.

ओलीपाटी:

मीही येईन. सॅप ग्रीन घरी ठेवून. पण सकाळी म्हणजे नक्की किती वाजता? पहिली पीएमटी (पुण्याची सिटी बस) मिळेल अशा बेताने सांगा.

नाणेघाटी:

साडेसातला दरवाज्यात. पीएमटीने पायथ्याला उतरून चालत वर यायचं असेल तर तास-दीड तास धरा, शेवटच्या चढाला पॅलेट हातात घेऊ नका.

फ्रेमवाला:

दुकान बंद ठेवून येतो. निळी झालेली चित्रं मला द्या.